दात पुढे आलेत की जबडा मागे राहिलाय?

"पोराचे दात पुढे आले ना जी, तार लावून द्या." नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दातांच्या दवाखान्यांत पालक सर्रास असंच सांगतात. तार लावायची की नाही हे पुढचं. आधी पुढे नेमकं काय आलंय ते पाहायला हवं, कारण समोरून सारखेच दिसणारे दोन वेगळे दोष असतात. एकात दोन्ही जबडे जागेवर असतात आणि वरचे दात पुढे झुकलेले असतात. दुसऱ्यात वरचे दात बऱ्यापैकी ठीक असतात, पण खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. पहिला दोष पंधराव्या वर्षी सुधारतो आणि चाळिशीतही सुधारतो. दुसऱ्याचा सोपा उपाय ठरावीक वयातच होतो, आणि ते वय आपल्याकडे वाट पाहण्यात निघून जातं.

दातांचा दोष सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दात मोठे आणि कमान लहान असली की ते एकमेकांवर चढतात. बहुतेकदा ही ठेवण घराण्यातूनच येते. अंगठा चोखायची सवय चार-पाच वर्षांपुढेही टिकली तर वरचे दात पुढे ढकलले जातात. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर तिच्या मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. म्हणूनच "दुधाचे आहेत, पडणारच" हे ऐकलं की मला राग येतो. पुढच्या दातांच्या गर्दीचं खापर अक्कलदाढेवर फोडायची पद्धतही आता सोडायला हवी, अभ्यासांत त्याला आधार मिळालेला नाही.

असे दात तारेनं किंवा अलायनरनं, म्हणजे दातांवर बसणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या ट्रेनं सरळ होतात. हलका दाब सतत राहिला की दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. किरकोळ गर्दी किंवा फटी असलेल्या, दिवसाचे 20 ते 22 तास ट्रे घालायची शिस्त असलेल्या मोठ्या माणसाला अलायनर छान. शाळकरी मुलाला मात्र मी तारच सांगेन, ती काढून डब्यात विसरता येत नाही. तर्री-पोह्यांशिवाय सकाळ होत नसेल तर तार दातांना धरून ठेवणारी रबरं पारदर्शक घेऊ नका, हळदीनं ती पिवळी पडतात. राखाडी घ्या. तार आहे तोवर भुट्टा दातांनी तोडायचा नाही, दाणे सोलून खायचे. आणि तार निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं साधन, घालायचंच, नाहीतर दात परत जुन्या जागेकडे निघतात.

आता जबडा. घरीच एक गोष्ट करून पाहा. मुलाला ताठ उभं करा, दाढा मिटून ओठ सैल सोडायला सांगा आणि चेहरा बाजूनं पाहा. मग खालचा जबडा हळूच पुढे आणून वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडा जुळवायला सांगा. तसं केल्यावर हनुवटी नीट दिसू लागली, ओठ सहज मिटले आणि चेहरा छान वाटला, तर खालचा जबडा मागे असण्याची दाट शक्यता आहे. उलट तोंड आणखीच पुढे आल्यासारखं दिसलं, तर दोष वरच्या दातांत किंवा वरच्या जबड्यात शोधायचा. तपासणीच्या खुर्चीवर ऑर्थोडॉन्टिस्टही, म्हणजे दात-जबडे जुळवणारे तज्ज्ञही, हेच करून पाहतात.

याची खातरजमा होते ती बाजूनं काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेनं, म्हणजे सेफॅलोग्रामनं. ही पद्धत 1931 पासून आहे. त्यात कवटीच्या तळाशी वरचा जबडा साधारण 82 अंशांचा कोन करतो आणि खालचा 80 अंशांचा. दोन अंशांचा फरक म्हणजे जबडे जुळलेले. फरक चारच्या वर गेला की जबड्यांकडे लक्ष द्यावं लागतं. त्याच एक्स-रेत मानेच्या मणक्यांचा आकार पाहून मुलाची किती वाढ शिल्लक आहे याचाही अंदाज येतो. मोबाइलवर दातांचे फोटो मागवून ट्रे घरी पाठवणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही. वाढत्या मुलासाठी तसला उपचार घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाढ शिल्लक असेल तर ट्विन ब्लॉकसारखी प्लेट देतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ती 1977 मध्ये तयार केली. वर एक आणि खाली एक अशा तिच्या दोन तिरप्या ठोकळ्यांमुळे तोंड मिटताना खालचा जबडा पुढे येऊनच बसतो. जवळजवळ दिवसभर घालावी लागते, जेवतानाही. होणारा सगळा बदल हाडाचा नसतो, काही भाग दात सरकल्याचाही असतो. तरी ऐन वाढीच्या काळात तिचा जो उपयोग होतो तो नंतर होत नाही. मुलींमध्ये हा काळ साधारण 10 ते 12 वर्षांचा, मुलांमध्ये 12 ते 14 चा.

म्हणून "सगळे पक्के दात येऊ द्या, मग पाहू" हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. शेजारची काकूही तो देते आणि काही डॉक्टरही देतात. पक्के दात येईपर्यंत बारा-तेरा वर्षं होतात आणि तोवर बऱ्याच मुलींची भराभर उंची वाढून गेलेली असते. सातव्या वर्षी एकदा दाखवून आणा. तेव्हा बहुधा काहीच करावं लागत नाही, पण कधी यायचं ते कळतं. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे असतील आणि वरचा जबडा मागे राहिला असेल, तर त्या ऐन वाढीच्या काळाचीही वाट पाहू नका. वरचा जबडा पुढे ओढणारा फेस मास्क आठ-दहा वर्षांच्या आतच चांगला काम करतो.

वाढ संपल्यावर दोन रस्ते उरतात. वरच्या दोन उपदाढा काढून पुढचे दात मागे घ्यायचे आणि जबड्याचा दोष झाकायचा, हा एक. फरक थोडा असेल तर तो पुरतो. फरक मोठा असेल तर दात जुळतात, पण हनुवटी मागेच राहते. दुसरा रस्ता जबड्याच्या शस्त्रक्रियेचा. तिचा छेद बहुतेक तोंडाच्या आतूनच घेतात, आधी आणि नंतर तार असतेच. यूट्यूबवर पाहून जीभ टाळूला लावून बसल्यानं मोठ्या माणसाचा जबडा पुढे येत नाही. लग्न ठरलं म्हणून चांगले दात घासून कॅप बसवून घेऊ नका. घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही आणि जबडा होता तिथेच राहतो.

खर्चाची चिंता असेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडलाही दंत महाविद्यालयं आहेत. कुठेही गेलात तरी तार बांधण्याआधी सेफॅलोग्राम काढून मागा, आणि दोष दातांचा आहे की जबड्याचा, हे डॉक्टरांना त्या एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा.