बनवणाऱ्याचं नाव की तपासणीचा ठसा? जुनी जर्मन दुनळी ओळखताना

जुन्या जर्मन दुनळी बंदुकीवर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. एक वर, सहज दिसणारी: दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कोरलेली, कधी सोनं भरलेली अक्षरं. दुसरी खाली, नळ्या उतरवल्याशिवाय न दिसणारी: मुकुट, गरुड, एखादं सुटं अक्षर, गोलात कोंडलेला आकडा. वरचं वाचून लोक बनवणारा ठरवून टाकतात. खालचा गरुड दिसला की तो कंपनीचा शिक्का समजतात, नाहीतर ‘हिटलरच्या काळातली’ म्हणून मोकळे होतात. दोन्हीकडे चुकण्याचीच शक्यता जास्त.

वरच्या नावांपासून सुरुवात करू. सगळ्यात जास्त फसवणारं नाव क्रुप. पट्टीवर ‘फ्लुस-श्टाल (म्हणजे ओतीव पोलाद) क्रुप एसेन’ असं ठसठशीत लिहिलेलं, शेजारी एकमेकींत अडकलेल्या तीन कड्या. मालक अभिमानाने सांगतो, ‘ही क्रुपची बंदूक.’ एसेनच्या क्रुपने तोफा ओतल्या, रेल्वेच्या चाकांच्या बिनसांध्याच्या पोलादी धावा केल्या. त्या तीन कड्या म्हणजे याच धावा, १८७५ पासूनचा त्यांचा ट्रेडमार्क. पण दुनळीवर हे नाव येतं ते फक्त नळीच्या पोलादाचं. कोटाच्या कापडावर गिरणीचं नाव असतं, म्हणून कोट गिरणीने शिवला असं कोणी म्हणत नाही. ऑस्ट्रियाच्या ब्योलरचं पोलाद असेल तर ब्योलरचं नाव, जर्मनीतल्या विटनचं असेल तर विटनचं. त्यावरून बंदूक कोणी घडवली हे कळत नाही.

‘डी. आर. पी.’ आणि ‘डी. आर. जी. एम.’ ही अक्षरंही अशीच बनवणाऱ्याची आद्याक्षरं म्हणून खपतात. पहिलं म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, दुसरं म्हणजे नोंदणी केलेली छोटी सुधारणा. दुसऱ्याची नोंदणीच १८९१ मध्ये सुरू झाली, त्यामुळे ते दिसलं तर बंदूक त्याआधीची नाही एवढं तरी पक्कं होतं.

मग एखाद्या माणसाचं सरळ नाव आणि खाली गावाचं नाव असेल तर? तेव्हाही थांबावं. जर्मन शिकारी बंदुकांचं माहेरघर म्हणजे थुरिंगियातलं झूल आणि शेजारचं त्सेला-मेलिस. तिथे एक बंदूक एका हाताने क्वचितच घडत असे. नळ्या एकाकडे, कुलपं (बार उडवणारी यंत्रणा) दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे, नक्षी आणखी कोणाकडे. तयार माल बर्लिन, म्युनिकच्या दुकानदारांकडे जाई आणि पट्टीवर नाव पडे ते दुकानदाराचं. हा प्रकार आपल्याकडेही होता. २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी कलकत्त्यात ‘रोडा कंपनी’चा जो माल पळवला, त्यात ५० पिस्तुलं होती ती जर्मन माउझर, रोडा फक्त आयात करून विकणारे. इतिहासात मात्र कटाला नाव राहिलं दुकानाचं.

काही नावांच्या बाबतीत मात्र वरची ओळ खरंच उपयोगी पडते. झूलची झाउअर कंपनी १७५१ पासूनची. हातात सोटा घेतलेला रानटी माणूस ही तिची खूण, आणि ती बनवणाऱ्याचीच खूण. नावाखाली ‘झूल’ऐवजी ‘एकर्नफ्योर्ड’ असेल तर बंदूक दुसऱ्या महायुद्धानंतरची, कारण कंपनी पश्चिम जर्मनीत तिथे १९५१ मध्ये उभी राहिली. त्सेला आणि मेलिस ही दोन गावं १९१९ मध्ये एक झाली. जोडनाव कोरलेलं दिसलं की १९१९ च्या आधीचा विचार सोडून द्यावा. झूलच्याच झिमझोन कारखान्याची गोष्ट जास्त कडवट. मालक ज्यू कुटुंब. नाझींनी कारखाना बळकावला, कुटुंब १९३६ मध्ये देश सोडून गेलं आणि कारखान्याचं नावही पुसलं गेलं. म्हणून झिमझोन हे नाव आणि खाली मुकुटाचे ठसे अशी जोडी असेल, तर बंदूक त्या बळकावण्याच्या आधीची धरायला हरकत नाही. (पूर्व जर्मनीने हे नाव पुढे पुन्हा वापरलं, म्हणून मुकुट पाहायचा.)

आता खालचे ठसे. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहावं, पुढचं लाकूड काढावं, नळ्या उतरवाव्यात आणि त्यांच्या मागच्या टोकाची सपाट बाजू तेलाच्या चिंधीने पुसावी. घासायचं नाही, तारेच्या घासणीने ठसा उजळत नाही, मरतो. टॉर्च तिरका धरला की उथळ ठसेही उठून दिसतात.

हे ठसे बनवणाऱ्याचे नाहीतच. ते सरकारी तपासणीघराचे. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार टाकून नळी टिकते का हे तिथे पाहत. जर्मनीत ही सक्ती १९ मे १८९१ च्या कायद्याने आली आणि १ एप्रिल १८९३ पासून अमलात आली. अक्षराच्या डोक्यावर मुकुट ही त्या काळाची ओळख. ‘बी’ बाराच्या चाचणीचा, ‘यू’ नंतरच्या पाहणीचा, ‘एस’ छऱ्यांच्या नळीचा, ‘डब्ल्यू’ तोंडाशी आवळलेल्या म्हणजे चोक नळीचा, ‘जी’ आत पेच असलेल्या रायफल नळीचा. तिनळीवर, म्हणजे दोन छऱ्यांच्या आणि खाली एक गोळीची नळी असलेल्या बंदुकीवर, हे सगळे एकत्र भेटतात. मुकुटाखाली ‘व्ही’ दिसला तर खूश व्हावं: कायदा अमलात आला तेव्हा दुकानात आधीच पडून असलेल्या मालाला हा ठसा मारत, म्हणजे बंदूक त्या अंमलाच्याही आधीची.

मुकुटाखाली ‘एन’ हा बिनधुराच्या दारूसाठी, १९११ पासूनचा. पण इथे एक मेख आहे. जुनी बंदूक नंतर पुन्हा तपासणीला नेता येत असे. त्यामुळे सगळ्यात नवा ठसा वय सांगतोच असं नाही. सगळ्यात जुना कोणता हे आधी शोधायचं.

पहिल्या महायुद्धानंतरच्या झूलच्या बंदुकांवर बऱ्याचदा तपासणीचा महिना आणि वर्षच असतं: ‘११ २७’ म्हणजे नोव्हेंबर १९२७. यापेक्षा सोपं काही नाही, पण ‘१३/१’ असं दिसलं तर ती तारीख नव्हे. ते नळीच्या आतल्या पोकळीचं माप, सव्वाअठरा मिलिमीटरच्या आसपासचं. गोलातला १२ किंवा १६ म्हणजे बोअर. आपल्याकडे बारा बोअरचं राज्य. जर्मन शिकाऱ्याला सोळाचं वेड जास्त.

आणि तो गरुड. १८९१ च्या कायद्यातही गरुड आहे, पण तो एकटा, साम्राज्याचा, शेजारी मुकुटाची अक्षरं. १९३९ च्या कायद्याने मुकुट गेला आणि १ एप्रिल १९४० पासून गरुडच अक्षराच्या डोक्यावर बसला: उदाहरणार्थ, गरुडाखाली ‘एन’. म्हणजे नुसता गरुड पाहून काही ठरत नाही. तो कशाच्या वर आहे आणि शेजारी मुकुट आहे की नाही हे पाहावं लागतं. कैसरच्या काळातली बंदूक हिटलरच्या खात्यावर टाकली जाते ती नेमकी इथे. पश्चिम जर्मनीत पुढे वर्ष अक्षरांत आलं: ‘ए’ म्हणजे ०, ‘बी’ म्हणजे १, असं करत ‘जे’ वगळून ‘के’ म्हणजे ९. ‘एचसी’ म्हणजे ७२. सोबत हरणाचं शिंग असेल तर तपासणीघर उल्मचं.

अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ दिसलं, तर जर्मनीचा नाद सोडा. ते बेल्जियममधल्या लिएजचं तपासणीघर. आणि बाहेर घोडे (बार उडवायला आदळणारे हातोडे) आहेत म्हणून बंदूक फार जुनी, हाही भरवसा नको. जर्मन कारखाने घोड्यांच्या दुनळ्या १९३० च्या दशकातही विकत होते.

‘एन’चा ठसा फक्त वयासाठी महत्त्वाचा नाही. तो नसेल तर ती नळी काळ्या दारूच्या दाबापुरतीच तपासलेली आहे असं धरून चालावं. शिवाय जुन्या नळ्यांमध्ये काडतुसाचं घर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं. ७० चं काडतूस त्यात बिनबोभाट बसतं, कारण तोंड दुमडलेलं असताना ते आखूड असतं. बार उडाल्यावर दुमड उघडते, पुढच्या अरुंद भागात अडकते आणि दाब वाढतो. तेव्हा बसलं म्हणजे चाललं, असं समजू नये. बंदूक जुनी आहे म्हणून लायसन्स लागत नाही, हाही असाच गोड गैरसमज. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सवलत दुरुस्ती करूनही न उडणाऱ्या शस्त्राला आहे, भिंतीवरच्या चालू दुनळीला नाही.

समजा, हातात अशी दुनळी आली: पट्टीवर बर्लिनमधलं एक नाव, नळीवर क्रुपच्या तीन कड्या, खाली मुकुटाचे ‘बी’, ‘यू’, ‘एस’, ‘डब्ल्यू’, ‘एन’ आणि ‘११ २७’. पोलाद क्रुपचं, विकणारा बहुधा बर्लिनचा, तपासणी नोव्हेंबर १९२७ ची आणि ठशांची ढब झूलची, इतकं सांगता येईल. घडवणारा अजून बाकी. त्यासाठी दोन नळ्यांच्या मधल्या खाचेत, खालच्या बाजूला, भिंग लावून बारीक आद्याक्षरं शोधायची. तीही नळी बनवणाऱ्याची निघू शकतात.