टेक ऑफ आणि आपलं 'काढणं'

आठवीतली भाची परवा वही घेऊन समोर बसली. "मामा, टेक म्हणजे घे, ऑफ म्हणजे बंद. मग टेक ऑफ म्हणजे घेऊन बंद कर?" आम्ही येरवड्याचे. लोहगावहून उडालेलं विमान नेमकं तेव्हाच डोक्यावरून गेलं. "हे टेक ऑफ कळतं गं मला," ती स्वतःलाच म्हणाली, "पण बूट कसे टेक ऑफ होतात?"

चूक तिची नाही, दिव्याच्या बटणाची आहे. ऑफचा मूळ अर्थ 'पासून दूर'. जुन्या इंग्रजीत ऑफ आणि ऑव्ह हा एकच शब्द होता, पुढे त्याचे दोन झाले. बटणावरही खरं तर तारेचा संपर्क सुटल्याचीच खूण आहे. टेक तर इंग्रजांच्या घरचाही नाही. 'घेणे'साठी त्यांचं जुनं क्रियापद होतं निमन. व्हायकिंग या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांबरोबर आलेल्या 'टाका'ने त्याला हुसकून लावलं. (मराठी 'टाका'शी त्याचं नातं जोडू नका, हा नुसता योगायोग.)

आता अर्थ बघा. पायातून बूट सुटतात, धावपट्टीवरून चाकं सुटतात, किमतीतून शंभर रुपये वजा होतात, कामातून एक दिवस मोकळा होतो, चोर जागेवरून पसार होतो. या सगळ्याला टेक ऑफ चालतं. एखाद्याची हुबेहूब नक्कल करणं हेही टेक ऑफच. 1755 साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत अशा जोडक्रियापदांची यादी दिली, तिथे टेक ऑफचा अर्थ 'नक्कल करणे' एवढाच आहे. विमान यायला दीडशे वर्षं होती! यातले काही प्रयोग मूळ शब्दांपासून इतके लांब गेलेत की कितीही हुशार माणसाला त्यांची वाट सापडणार नाही, असंही त्याने लिहून ठेवलंय.

जॉन्सनला मराठी येत नव्हतं, म्हणून बरं. देवळाबाहेर आपण चपला काढतो. ऑफिसात रजा काढतो. पोलीस दिसला की पळ काढतो. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्ससुद्धा काढतो! मूळ कागद जागेवर, त्याच्यापासून सुटून आलेली प्रत आपल्या हातात. नक्कल आणि चपला एकाच क्रियापदात कशा नांदतात, हे पुणेकराला समजावून सांगायची गरज नाही.

क्रियापदाला छोटासा शब्द चिकटून अर्थ पालटणं आपल्याला तसंही जुनंच. 'हृ' या एका धातूपासून प्रहार, आहार, विहार, संहार झाले. वेदांच्या भाषेत तर हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे राहून वाक्यात लांबही बसत. जर्मन शिकणाऱ्यांना हा खेळ ओळखीचा असेल.

इंग्रजीतही ऑफ थोडा सरकतो. टेक ऑफ युवर शूज चालतं, टेक युवर शूज ऑफही चालतं. पण बुटांऐवजी सर्वनाम आलं की ते मधेच बसवायचं: टेक देम ऑफ. टेक ऑफ देम लिहिलंत तर गुण गेले. विमानाला ही कटकट नाही, ते स्वतःच उडतं, त्याला कर्म लागत नाही.

भाचीने हे सगळं ऐकून वही मिटली. "पण मामा, विमान कुठे काढतो आपण?"

तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला, "अरे, गाडी काढतोस ना? क्लासला उशीर होतोय तिला."