कयाकच्या पोटातली हवा

पावसाळा सरला की तारकर्ली-देवबागच्या वाळूत रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या कयाक, म्हणजे वल्ह्याने हाकायच्या लहान अरुंद होड्या, येऊन पडतात. “ही बुडत नाही हो,” भाड्याने देणारा सांगतो. खरं आहे, तिच्या पोकळ पोटात हवा कोंडून ठेवणारं बूच घट्ट असेल तोवर!

मूळच्या कयाकला बूच नव्हतं की बंद कप्पे नव्हते. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची कयाक म्हणजे हलक्या सांगाड्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं, आत एकच पोकळी. पाणी आत येऊच द्यायचं नाही, ही त्यांची युक्ती. अंगरख्याचा घेर बसायच्या भोकाच्या कडेला आवळायचा, आणि उलटलं तर बाहेर न पडता वल्ह्याच्या फटक्याने सरळ व्हायचं. बाहेर पडलेला माणूस त्या गारठ्यात फार वेळ टिकत नसे.

आपल्याकडची तोड निराळी. अरुंद होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांनी बांधलेला हलका ओंडका, म्हणजे उलांडी. ती पाणी अडवत नाही, कलंडणं अडवते. १९५६ साली हान्नेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर घडीच्या कयाकमधून ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा त्यानेही बाजूला उलांडीच लावली होती.

फायबरग्लासच्या कयाक आल्या आणि हौशी माणसं समुद्रात उतरली, पण इनुइटांचं कसब त्यांच्याबरोबर उतरलं नाही. आत शिरलेलं दीडशे लिटर पाणी म्हणजे दोन धडधाकट माणसांचं वजन, आणि ही माणसं गप्प बसत नाहीत. होडी झुकेल त्याच बाजूला धावतात. म्हणून पुढच्या टोकात आणि मागे हवेने फुगवलेल्या पिशव्या कोंबायची पद्धत पडली. पुढे आडव्या भिंती घालून बंद कप्पेच केले. फ्रँक गुडमन यांची ‘नॉर्डकॅप’ तशी; १९७७ मध्ये त्यांनी आणि तीन साथीदारांनी तिच्यातून केप हॉर्नला वळसा घातला.

तरी २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या लाइम बे उपसागरात शाळकरी मुलांच्या कयाक लाटांनी भरत, उलटत गेल्या आणि चार मुलं दगावली. १९९५ मध्ये तिथे मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी कायदा झाला.

तारकर्लीतल्या कयाकवर माणूस आत नव्हे, वर बसतो. वर आलेलं पाणी भोकांतून निथळून जातं. पण खालचं पोट बहुतेकींत पुन्हा एकच, सलग. तळाला चीर गेली तर वरून काहीच दिसत नाही, कयाक फक्त जड वाटू लागते. बसण्याआधी बूच काढून ती तिरकी करायला सांगावं. बादलीभर पाणी पडलं, तर दुसरी मागावी.