सीआयएफ (किंमत, विमा, जहाजभाडं एकत्र) म्हणजे माल पोहोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याची? नाही!

‘भाडं आणि विमा विक्रेत्याने भरलाय, म्हणजे आपल्या बंदरात उतरेपर्यंत माल त्याच्याच जबाबदारीवर’ हा आयातदारांमधला जुना गैरसमज. इन्कोटर्म्स २०२० (आयात-निर्यात सौद्यांच्या आंतरराष्ट्रीय अटी) नुसार सीआयएफ सौद्यात माल निघत्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे येते. खर्च त्याचा, नुकसान तुमचं. विमा असतो, पण वेगळं ठरलं नसेल तर किमान, म्हणजे ‘क्लॉज सी’चा (आग, जहाज बुडणं अशा मोजक्याच संकटांपुरता). कंटेनरच्या छताला भोक पडून पावसात खोकी भिजली, तर त्यात भरपाई नाही. (ही मेख कोटेशनमध्ये सहसा कुणी सांगत नाही.) पॅकिंगच कच्चं असेल तर मात्र विक्रेत्याला धरता येतं. हेग-व्हिस्बी नियम (सागरी मालवाहतुकीत जहाज कंपनीची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असतील, तर वरून न दिसणारं नुकसान माल ताब्यात घेतल्यापासून ३ दिवसांत जहाज कंपनीला लेखी कळवा.