छोट्या ट्रॅक्टरला लोडर आणि बॅकहो: गावातल्या जोडणीची पार्श्वभूमी

लातूर-बीडकडच्या वेल्डिंगच्या दुकानात छोट्या ट्रॅक्टरला पुढे बकेट (लोडर) आणि मागे खोदाईचा हात (बॅकहो) चढवला, की बघणारे त्याला जुगाड म्हणून मोकळे होतात. पण हे यंत्र जन्मलंच मुळी शेतीच्या ट्रॅक्टरवर.

1936 साली हॅरी फर्ग्युसनचा ट्रॅक्टर बाजारात आला. अवजार हायड्रोलिकने उचलणारी तीन सांध्यांची जोडणी त्याच्या मागे होती. 1948 मध्ये अमेरिकेतल्या वेन-रॉय कंपनीने फोर्ड ट्रॅक्टरच्या मागे हायड्रोलिक बॅकहो बसवून विकला. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी 1945 मध्ये जुनं वेल्डिंग मशीन घेऊन एका गॅरेजात ट्रॉली बनवण्यापासून सुरुवात केली. 1953 मध्ये त्यांनी लोडर आणि बॅकहो एकाच ट्रॅक्टरवर आणले. त्यांची जेसीबी भारतात 1979 मध्ये आली. म्हणजे आपल्याकडचा वेल्डर आज जे करतोय, ते या मोठ्या कंपनीनेही तसंच केलं होतं. त्याला कमी लेखण्याचं काही कारण नाही.

मराठवाड्याला मातीकाम दुष्काळाने शिकवलं. 1972 च्या दुष्काळात पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामं टिकाव, फावडं, टोपल्यांवर झाली. पुढे जलयुक्त शिवार आलं, 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आली. तलावातला गाळ आपल्या रानात पसरायचा, शेणखत ट्रॉलीत भरायचं, ठिबकच्या पाइपासाठी चर काढायचा. एवढ्या कामाला तासाच्या भाड्याने मोठं मशीन परवडत नाही, आणि मोसंबीच्या, डाळिंबाच्या ओळीत ते शिरतही नाही. कारागीर मात्र जवळच होते. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, भोवती सुट्या भागांची छोटी युनिटं वाढली, आणि लेथवर पिन-बुश काढून देणारे कितीतरी हात त्या कामावर घडले.

खरी अडचण हायड्रोलिकची आणि वजनाची. ट्रॅक्टरची मूळ लिफ्ट फक्त वर ढकलते. खाली येताना अवजार स्वतःच्या वजनाने येतं. खोदायला मात्र दोन्ही बाजूंनी जोर देणारा जॅक, म्हणजे हायड्रोलिक सिलिंडर, लागतो. छोट्या ट्रॅक्टरचा पंप तेलही थोडंच देतो, म्हणून बॅकहोसाठी पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) वेगळा गिअर पंप, वेगळी तेलाची टाकी आणि कंट्रोल व्हॉल्व्ह बसवतात. 63 मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक 150 बार दाबाला साडेचार टनांहून जास्त जोर देतो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन असतं जेमतेम पाऊण-एक टन!

हा सगळा जोर जायचा कुठे? ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडून त्याचा कणा बनतो. लोडर नुसता पुढच्या भागावर आवळला तर भार या सांध्यांवर आणि पुढच्या एक्सलवर येतो, आणि हाउसिंगला तडा जाऊ शकतो. म्हणून चांगला कारागीर पुढून मागच्या एक्सलपर्यंत सबफ्रेम, म्हणजे आधाराची लोखंडी चौकट, नेतो आणि मागे वजन लावतो. बॅकहोच्या बाबतीत तर हे जिवावरचं काम आहे. तीन सांध्यांवर नुसता टांगलेला बॅकहो खोदताना वर उचलला जाऊन चालकाला सीटवर चेपू शकतो. दुकानात गेल्यावर सबफ्रेम कुठे बोल्ट होणार आणि जमिनीवर टेकायचे पाय कसे असणार, हे आधी विचारावं. बकेटचं माप नंतर ठरवता येतं.