नाते गाव, सिमेंटच्या गोण्या आणि सेवेचं एक वर्ष

मागच्या महिन्यात आमच्या वाडीतली एक मुलगी घरी आली, बीए झालीय, हातात मोबाईल आणि त्यावर अर्धा भरलेला फॉर्म. म्हणाली, "ताई, तू ते स्वयंसेवकाचं एक वर्ष केलंस ना, मी करू की नको? आई म्हणते वर्ष फुकट जाईल." ते वर्ष म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय युवा कोअर योजनेत तालुक्यात पूर्णवेळ स्वयंसेवक म्हणून केलेलं काम. मला तिला पटकन हो किंवा नाही सांगता येईना. कारण ते वर्ष नेमकं काय होतं हे मला स्वतःलाच उशिरा कळलं, आणि कळलं ते त्यामागचा इतिहास वाचायला लागल्यावर. तोपर्यंत मला वाटायचं की त्या वर्षात जे चढउतार आले ते माझ्या स्वभावामुळे आले, मीच कुठेतरी कमी पडले. पण त्यातले निम्मे तरी ही योजना ज्या पद्धतीने जन्माला आली तिथेच आहेत. म्हणून तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी हे सगळं एकदा बसून लिहून काढतेय.

आपल्याकडे कोकणात सेवा हा शब्द सरकारी योजनेतून आलेला नाही. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज काढला. देशाचं काम फावल्या वेळात होत नाही, त्याला पूर्णवेळ माणसं लागतात, आणि त्या माणसांच्या पोटाची सोय करावी लागते, हा त्यामागचा विचार. सभासदांना आयुष्यभराची शपथ आणि बेताचं मानधन. पुढे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा १९५१ पासून भूदानासाठी देशभर पायी फिरले. आणि कणकवलीत आप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणतात, त्यांनी तर १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करायचं काम मला द्या म्हणून उपोषण केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपवास सुरू केला. नंतर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास आणि खतावर जे काम केलं ते आजही जाऊन बघण्यासारखं आहे. मला हे तिघं महत्त्वाचे वाटतात कारण तिघांनीही सेवेला हात लावायचं काम मानलं, भाषणाचं नाही.

आता सरकारी बाजू. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असं सुचवलं होतं. १९५२ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी विद्यार्थ्यांनी एक वर्ष समाजाचं आणि अंगमेहनतीचं काम करावं, हा मुद्दा आला. १९५८ मध्ये नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की पदवी मिळण्याआधी समाजसेवा ही अट असावी काय याचा विचार करा. आणि मग १९५९ मध्ये एक समिती नेमली गेली, जिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख.

इथे मी वाचताना थांबले. कारण सी. डी. देशमुख म्हणजे आपल्या महाडजवळच्या नाते गावात १८९६ ला जन्मलेले. महाडच्या नातेखिंडीतून रायगडचा रस्ता आत वळतो त्या रस्त्यावरचं नाते, तिथून मी कितीदा एसटीने गेलेय. शाळेत आम्हाला ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर एवढेच शिकवले होते, फार तर मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातल्या अर्थमंत्रीपदाचा राजीनामा दिला एवढं. पण समिती नेमली तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या समितीने सांगितलं ते फार थेट होतं: शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी, त्यात थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सर्वसाधारण शिक्षण असावं. प्रत्येकाने, म्हणजे वकिलाच्या मुलाने आणि कुळवाड्याच्या मुलीने एकाच रांगेत उभं राहून घमेलं उचलायचं.

ते झालं नाही. एवढ्या मुलांना वर्षभर ठेवायचं कुठे, खायला काय घालायचं, शिकवायचं कोणी, खर्च आणि अंमलबजावणी या दोन गोष्टींवर ते अडलं. मग ख्वाजा गुलाम सय्यदैन यांनी वेगवेगळ्या देशांतली युवा सेवा कशी चालते ते अभ्यासून सांगितलं की हे सक्तीचं नको, स्वेच्छेचं ठेवा. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर सेवेचा काही ना काही भाग असावा म्हटलं. मधल्या काळात चीनच्या युद्धानंतर एनसीसी सक्तीची झाली होती, ती पुन्हा ऐच्छिक झाली, आणि ज्यांना एनसीसी नको त्यांच्यासाठी दुसरा पर्याय हवा म्हणून १९६७ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत राष्ट्रीय सेवा योजनेचं ठरलं. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ती सुरू केली, पहिल्या वर्षी ४०,००० विद्यार्थी. हीच आपली एनएसएस. बॅजवर कोणार्कच्या रथाचं चाक, आठ आरे म्हणजे आठ प्रहर, आणि खाली ब्रीद "नॉट मी बट यू".

म्हणजे काय झालं बघा. देशमुखांनी मागितलं होतं एक अख्खं वर्ष. हातात आले वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं शिबिर. सक्ती गेली आणि तिच्या जागी मार्क आले, आपल्या मुंबई विद्यापीठात एनएसएसचे १० मार्क मिळतात आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी रांगेत उभी राहणारी बरीच मुलं त्या १० मार्कांसाठीच असतात. मीही होते. त्यात मला आजही काही वाईट वाटत नाही, कारण माणूस कशासाठी आला यापेक्षा सातव्या दिवशी तो कसा परत जातो हे मी बघितलंय.

त्या सात दिवसांचा हिशोब पण जरा बघू. बरीच वर्षं शिबिरासाठी माणशी ४५० रुपये मिळायचे. सात दिवस. म्हणजे दिवसाला ६४ रुपये, त्यात नाश्ता, दोन जेवणं, चहा, प्रवास, घमेली-फावडी, सगळं. पन्नास मुलांचं शिबिर एवढ्यावर चालत नाही, ते गाव चालवतं. आमच्या शिबिराला वाडीने तांदूळ दिला, कोणी नारळ, कोणी कुळीथ, एका काकूंनी रोज सकाळी कळशीभर ताक पाठवलं. शाळेच्या दोन वर्गांत झोपायचं, पाचला उठायचं, प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक ज्यात निम्मी मुलं डुलक्या घेतात, संध्याकाळी घरोघरी सर्वे. आणि श्रमदान म्हटलं की कोकणात डिसेंबरमध्ये एकच काम, वनराई बंधारा.

बाहेरच्यांना हे कळत नाही की जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे एप्रिल-मेमध्ये टँकर का येतो. जांभा दगड पाणी धरत नाही, उतार तीव्र, पडलं ते पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, धावत खाडीला. म्हणून पावसाळा संपल्यावर धार बारीक झाली की पऱ्यात आडवा बांध घालायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घराघरांतून जमवायच्या (ज्या वर्षी वाडीत स्लॅब पडतात त्या वर्षी गोण्या भरपूर), त्यात तिथलीच माती-वाळू भरायची, पण तोंडापर्यंत नाही, तीन चतुर्थांशच, नाहीतर शिवता येत नाही आणि रचताना ती बसत नाही. दाभण आणि सुतळीने तोंड शिवायचं, आणि विटा लावतात तशा सांधेमोड करत थर लावायचे. आमच्या पहिल्या बंधाऱ्यात आम्ही खालची माती काढून कातळ मोकळा केलाच नाही, तशाच गोण्या रचल्या, रात्री पाणी खालून फुटलं आणि सकाळी अर्धा बांध गेलेला. दोन मुली रडल्या. गावातले एक आजोबा काठावर बसून बघत होते, ते उठले, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरून पायाने चाचपत म्हणाले, "हितं खाली कातळ हाय, तो आधी उघडा करा, मग ठेवा तुमची गोण." दुसरा बांध टिकला. गावच्या विहिरीचं पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत राहिलं असं बायका सांगत होत्या.

हा बंधारा गावोगाव पोचवला तो वनराई संस्थेने, जी मोहन धारियांनी १९८६ मध्ये काढली. केंद्रात मंत्री राहिलेला, पुढे योजना आयोगाचा उपाध्यक्ष झालेला माणूस झाडं आणि पाण्याकडे वळला. आणि धारिया जन्मले कुठे, तर १९२५ मध्ये, नात्यालाच. देशमुखांचं गाव. एकाने मुलांचं वर्ष मागितलं, दुसऱ्याच्या संस्थेने त्या मुलांच्या हाताला काम दिलं. मला हे कळलं तेव्हा मी मुद्दाम नात्याला उतरले होते, काही करायचं नव्हतं, नुसती गावातून एक फेरी मारून पुढच्या गाडीने परत आले.

पण "एक वर्ष" ही कल्पना मेली नव्हती. १९७२ ला नेहरू युवा केंद्रं सुरू झाली, कॉलेजात न गेलेल्या गावच्या मुलांसाठी. १९७७-७८ मध्ये पदवी झालेल्यांसाठी राष्ट्रीय सेवा स्वयंसेवक योजना आली, एक-दोन वर्षं पूर्णवेळ काम. २०१० च्या सुमारास जुन्या योजना एकत्र करून राष्ट्रीय युवा कोअर झाली, तालुक्याला साधारण दोन स्वयंसेवक, महिन्याला सुरुवातीला २५०० रुपये आणि नंतर ५०००, जास्तीत जास्त दोन वर्षं. ३१ ऑक्टोबर २०२३ पासून हे सगळं मेरा युवा भारत या नावाखाली यायला लागलं. तिकडे एनएसएस ४०,००० वरून सुमारे ४० लाखांवर गेली.

म्हणजे एकीकडे लाखो मुलं, पण थोड्या तासांची. दुसरीकडे पूर्ण वर्ष देणारे, पण तालुक्याला दोन. देशमुखांना हवं होतं ते या दोघांच्या मधे कुठेतरी राहून गेलं. आणि वर्षभर काम करणाऱ्याला जो एकटेपणा येतो ना, तो इथूनच येतो. आमच्या तालुक्यात शंभराहून जास्त गावं आणि आम्ही दोघं. तो उत्तरेकडची वाटून घ्यायचा, मी खाडीकडची. सकाळची एसटी चुकली की दिवस गेला. वस्तीच्या गाडीने गेलं तर रात्री कुणाच्या तरी घरी राहायचं, पेज खायची, आणि पहिला प्रश्न नेहमी तोच, "काय गो, ह्यातून पुढं नोकरी लागते काय?" नाही लागत, असं खरं सांगितलं की घरातली माणसं अवघडून गप्प बसायची. ५००० मधले निम्मे तिकिटात जायचे. घरच्यांना मी पैसे देऊ शकत नव्हते, उलट घेत होते, हे मला सगळ्यात जास्त बोचलं.

शिवाय कोकणातलं वर्ष सरकारी कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. जून-जुलैत लावणी, तेव्हा युवा मंडळाची मीटिंग ठेवली तर कोणी येणार नाही, आणि येऊही नये, तुम्हीच चिखलात उतरा. मी उतरले, आणि त्या चार दिवसांच्या लावणीनंतर ज्या बायका माझ्याशी बोलत नव्हत्या त्या मला हाक मारून चहा द्यायला लागल्या. गणपतीत गाव भरतं, सगळे चाकरमानी असतात, मुंबईच्या मंडळाचे पदाधिकारी पण, रस्ता-पाणी-शाळा जे काय ठरवायचं ते तेव्हाच ठरतं. दिवाळीनंतर गाव रिकामं. ज्या तरुणांसाठी युवा मंडळ काढायचं ते तरुण तर डोंबिवलीत नाहीतर नालासोपाऱ्यात. रजिस्टरवर वीस नावं आणि गावात प्रत्यक्ष पाच, असं होतं ते. मग शिमग्याला पालखीसाठी सगळे परत येतात आणि दोन दिवस वाटतं की किती ताकद आहे या गावात.

आणि मग कधीतरी असं काही होतं की ती ताकद खरंच दिसते. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, कॉलेजं बंद, लॉकडाऊन, आणि श्रीवर्धन-मुरुडपासून दापोली-मंडणगडपर्यंत कौलं उडालेली, पिढ्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या. वर्ष संपलेले जुने स्वयंसेवक, शिबिराला आलेली मुलं, कोणी न बोलावता कोयता घेऊन निघाली. २२ जुलै २०२१ ला महाड-चिपळूण बुडालं तेव्हाही तेच. चिपळूणच्या एका घरात आम्ही सात जणी गाळ काढत होतो, गुडघाभर, डिझेलचा वास, आणि घरातली म्हातारी बाई प्रत्येक घमेल्यात हात घालून बघत होती की काही राहिलंय का. तिला एक चांदीचा करंडा मिळाला. तो धुवून तिने ओल्या भिंतीवरच्या देवाच्या फळीवर ठेवला आणि आम्हाला सांगितलं, आता थोडं थांबा, चहा टाकते. चूल कुठेच नव्हती. शेजारच्या मजल्यावरून थर्मास आला.

त्या सात जणींपैकी पाच जणींची ओळख माझ्या त्या "फुकट गेलेल्या" वर्षातली होती.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं, एवढ्या क्रमाने नाही, पण सांगितलं. पैसे किती पुरतात ते कागदावर मांडून दाखवलं, एसटीचं तिकीट धरून. आईला पण बोलवून घेतलं, कारण निर्णय घरात होतो. ती म्हणाली बघते विचार करून. जाताना तिने विचारलं ते फॉर्मबद्दल नव्हतंच, म्हणाली गोण्या किती लागतात गं एका बंधाऱ्याला, आमच्याकडे काकाच्या घराचा स्लॅब पडलाय, मागे ढीग पडलाय सगळा. मी म्हटलं पऱ्याच्या रुंदीवर आहे, पण फेकू देऊ नको, धुवून वळचणीला टाकून ठेव.