एका ठेचेच्या दोन कळा

पलंगाच्या पायाला पायाची करंगळी आपटली की एक गंमत होते, फक्त ती गंमत आहे हे त्या वेळी सुचत नाही. आधी एक चटका बसतो, टोकदार आणि नेमका. तोंडातून 'आई गं' निघतं, पाय आपोआप उचलला जातो. मग क्षणभर उसंत. त्या उसंतीत आपल्याला पक्कं ठाऊक असतं की खरं दुखणं अजून यायचंय. आणि ते येतंच, ठसठसत, पसरत, जिवाला खात. आपटलं एकदा, दुखलं दोनदा.

ही उसंत आठवायला निमित्त झालं मोबाइलवर फिरत आलेल्या एका मेसेजचं. शरीरातली वीज आकाशातल्या विजेच्या वेगाने धावते, ती बिघडली की आजार होतात आणि चुंबकाचं कडं मनगटात घातलं की ती सुरळीत होते, असा एकूण मजकूर. कड्याकडे नंतर येऊ. पण नसा म्हणजे विजेच्या तारा, हे तर शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. ('नस' हा शब्दही घोळात भर घालतो. रक्तवाहिनी ही नस, चेतातंतू ही नस, आणि 'नस चढली' म्हणतो तेव्हा आखडलेला असतो स्नायू.) तांब्याच्या तारेतून विजेचा संदेश सेकंदाला लाखभर किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. चेतातंतू तसे असते, तर दोन कळांमध्ये उसंत उरलीच नसती.

चेतातंतूतला वेग पहिल्यांदा मोजला जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी, १८५० च्या सुमारास. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांना हे मोजमाप कधी जमेल असं वाटत नव्हतं. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या चेतेसकट घेतला. चेतेला एकदा स्नायूच्या जवळ विजेचा झटका दिला, एकदा लांब. लांबून दिला तेव्हा स्नायू किंचित उशिरा आखडला. दोन जागांमधल्या अंतराला त्या उशिराने भागलं आणि वेग निघाला: सेकंदाला सुमारे २७ मीटर. माणसात सर्वांत वेगवान तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातात, सर्वांत संथ तंतू रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या चालीने.

इतकं हळू का? कारण तार म्हणून चेतातंतू अगदीच टाकाऊ आहे. आत खारट पाणी, बाहेर खारट पाणी, मध्ये स्निग्ध पदार्थाचं पातळ, गळकं पटल. अशा नळीत एका टोकाला विजेचा दाब दिला, तर काही मिलिमीटरच्या आत तो विरून जातो. आणि कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा तंतू हा एकाच पेशीचा मीटरभर लांब धागा असतो. म्हणजे वीज इकडून तिकडे 'वाहून' पोचणं शक्यच नाही. मग पोचतं काय?

इथे माझा सगळ्यात आवडता भाग सुरू होतो, तेव्हा जरा धीर धरा.

पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन (विजेचा प्रभार असलेले अणू) जास्त, बाहेर सोडियमचे, दहापट किंवा त्याहूनही जास्त. ही विषमता टिकवायला पटलातले पंप सतत राबतात: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. शिवाय पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. टॉर्चच्या सेलच्या विसाव्या हिश्श्याइतका हा दाब, म्हटलं तर क्षुल्लक. पण पटलाची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सातपट. भागाकार करून पाहा, मीटरला एक कोटी व्होल्ट येतात. हवेत ३० लाखांना ठिणगी पडते.

या ताणात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. सोडियमच्या दाराचे चार सारखे हिस्से, आणि प्रत्येकात एक मळसूत्री दांडा, त्यावर ठरावीक अंतराने धन प्रभार. आतली ऋण बाजू या दांड्यांना आत ओढून धरते, म्हणून दार बंद. शेजारून थोडासा धन प्रभार पसरत आला आणि ७० चे ५५ झाले, की ओढ सैल पडते, दांडे बाहेर सरकतात, दार उघडतं. सोडियम आत घुसतं. त्याने आतली बाजू आणखी धन होते, त्यामुळे आणखी दारं उघडतात. एक सहस्रांश सेकंदात उणे ७० चे अधिक ४० होतात. तोवर पुढच्या पट्ट्यातल्या दारांना खबर लागलेली असते.

वाळल्या गवताची आग पुढे सरकते तसं हे आहे. एका टोकाची ज्वाळा दुसऱ्या टोकाला जात नाही, प्रत्येक काडी स्वतःच्या बळावर पेटते. म्हणून हा संदेश, म्हणजे आवेग, वाटेत फिका पडत नाही, जितका निघाला तितकाच पोचतो. आणि म्हणूनच तो मंद आहे.

पण मग आग मागे का फिरत नाही? मागचं पटलही तसंच आहे की! याचं उत्तर त्याच प्रथिनात आहे. दाराच्या आतल्या अंगाला एक छोटा लोंबता फास असतो. दार उघडल्यावर सहस्रांश सेकंदातच तो वर येऊन तोंडात बुचासारखा बसतो. दार उघडंच, पण तोंड बंद. दाब पुन्हा मूळ पातळीला येईपर्यंत बूच निघत नाही. तो खाली आणायला पोटॅशियमची दारं उघडतात, मुद्दाम सावकाश. तेवढ्यात आवेग पुढे गेलेला असतो. दंतवैद्य हिरडी बधिर करायला टोचतात ते लिडोकेन याच सोडियमच्या दारांत जाऊन अडकतं.

हे सगळं अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ओळखलं तेव्हा दाराचं प्रथिन कुणी पाहिलेलंही नव्हतं. स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्यात एक चेतातंतू अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो. १९३९ मध्ये त्यात त्यांनी बारीक इलेक्ट्रोड घातला, मग युद्ध आलं आणि काम थांबलं. १९५२ मध्ये समीकरणं छापून आली. त्यांत सोडियमसाठी चार घटक धरले होते, तीन उघडणारे, एक बंद करणारा. आकडेमोडीच्या वेळी केंब्रिजचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आठवडेच्या आठवडे घालवले. समीकरणातून आवेगाचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूत मोजलेला २१.२. कागदावरून इतक्या जवळ जाणं मला आजही अचाट वाटतं. १९६३ चं नोबेल त्यांना जॉन एकल्स यांच्यासोबत मिळालं.

पुढे १९६१ मध्ये तर संशोधकांनी त्या तंतूतला जवळजवळ सगळा गर रूळ फिरवून पिळून काढला आणि आत पोटॅशियमचं द्रावण भरलं. आवेग तरीही धावले. सगळी करामत पटलाची.

आता ते कडं. ही दारं पटलावरच्या विजेच्या दाबाला ओळखतात, मनगटावरच्या चुंबकाला नाही. एमआरआयमध्ये माणूस कड्याच्या कैकपट ताकदीच्या स्थिर चुंबकक्षेत्रात पडून असतो आणि त्याचे आवेग रोजच्यासारखेच चालू असतात.

वेग वाढवायचा तर स्क्विडसारखा तंतू जाड करावा लागतो, पण तसे लाखो तंतू आपल्या मणक्यात मावणार नाहीत. आपल्याकडे वेगळी युक्ती आहे. तंतूभोवती मायलिनचे स्निग्ध पापुद्रे गुंडाळलेले, साधारण मिलिमीटरभर अंतरावर उघडी फट, आणि सोडियमची दारं दाटीने त्या फटीतच. पापुद्र्याखाली गळती नाही, त्यामुळे दाबाचा बदल झपकन पुढच्या फटीपर्यंत पोचतो आणि आवेग तिथे नव्याने पेटतो. मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका जाड तंतू अशाने स्क्विडच्या त्या दांडग्या तंतूला सहज मागे टाकतो.

करंगळीतून निघालेला चटका येतो पातळ मायलिन असलेल्या तंतूंतून, सेकंदाला ५ ते ३० मीटरने. ठसठस येते मायलिनच नसलेल्या तंतूंतून, सेकंदाला मीटरभर. ती वाटेत असतानाच आपण खाली वाकून बोट चोळायला लागतो. स्पर्शाचे तंतू जाड मायलिनवाले, ते आपली वर्दी घेऊन पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मागून येऊनही पुढे निघतात आणि तिथे दुखण्याच्या संदेशाची वाट थोडी अडवून धरतात. ठसठस थांबत नाही, पण बोट सोडवत नाही.